ऑफिसातला छोटा डेटाबेस: शेअर फोल्डरमधली ॲक्सेस फाइल की सर्व्हर?

एकाच संगणकावर सुरळीत चालणारा डेटाबेस चार-सहा जणांना एकाच वेळी वापरायचा म्हटला, की "किती जण वापरणार?" हा प्रश्न आधी येतो. पण निर्णय ठरतो तो दुसऱ्याच प्रश्नावर: डेटाच्या फाइलला हात कोण लावणार?

मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये प्रत्येक जणाचा संगणक शेअर फोल्डरमधली फाइल स्वतः उघडतो आणि तिच्यात स्वतःच लिहितो. एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस सर्व्हर (डेटा सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम) असेल, तर फाइलला हात लावतो तो एकटा सर्व्हर आणि बाकीचे त्याच्याकडे मागणी पाठवतात. लिहिता लिहिता कुणाचं नेटवर्क तुटलं, तर सर्व्हर त्या एका माणसाचा अर्धवट राहिलेला बदल रद्द करतो. ॲक्सेसमध्ये मात्र सगळ्यांचीच फाइल बिघडू शकते. पुढचे बहुतेक फायदे-तोटे याच एका फरकातून येतात.

ॲक्सेस: नीट मांडलं तर चांगलं चालतं

एकच फाइल सगळ्यांनी शेअर फोल्डरमधून उघडायची, ही मांडणी करूच नका. आधी फाइलची बॅकअप प्रत काढा, मग ‘डेटाबेस टूल्स’मधल्या ‘मूव्ह डेटा’ गटातून ‘ॲक्सेस डेटाबेस’ निवडून तिचे दोन भाग करा. फक्त टेबलं असलेली बॅक-एंड फाइल शेअर फोल्डरमध्ये राहते. फॉर्म, क्वेरी (डेटातून हवं ते शोधणाऱ्या मागण्या), रिपोर्ट असलेल्या फ्रंट-एंडची वेगळी प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायची. टेबलं जोडताना ड्राइव्हचं अक्षर न वापरता पूर्ण नेटवर्क पत्ता द्या, कारण एकाचा ‘झेड’ ड्राइव्ह दुसऱ्याकडे ‘एक्स’ असू शकतो. ज्यांना फक्त नोंदी भरायच्या आहेत, त्यांना ॲक्सेस रनटाइम (तयार फॉर्म फक्त चालवणारी आवृत्ती) पुरतं आणि ते मोफत आहे. पूर्ण ॲक्सेस लागतं ते फॉर्म बनवणाऱ्याला.

नेहमी अडतं ते फोल्डरच्या परवानग्यांवर. पहिला माणूस फाइल उघडतो तेव्हा तिच्या शेजारी एक लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा बाहेर पडला की ती पुसली जाते. म्हणून प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये वाचण्या-लिहिण्याबरोबर फाइल तयार करण्याची आणि पुसण्याचीही परवानगी लागते. एखाद्याला ती नसेल आणि सकाळी पहिला तोच आत शिरला, तर बाकीच्यांना ‘फाइल वापरात आहे’ असा निरोप येतो किंवा फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते.

वायफायवरून बॅक-एंडमध्ये लिहू देऊ नका. क्षणभर सिग्नल गेला तर ब्राउझरला फरक पडत नाही, ॲक्सेसची फाइल मात्र खराब होऊ शकते. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात तर ती ठेवूच नका. तिथे दोघांच्या बदलांच्या दोन वेगळ्या फाइली बनतात. बॅक-एंड साध्या डेस्कटॉपवर असेल तर त्याचा स्लीप मोड बंद करा. विंडोज 10 किंवा 11 प्रो एका वेळी 20 जोडण्याच घेतं, हेही लक्षात असू द्या.

बॅक-एंडची मर्यादा 2 जीबी. एकाच वेळी वापरणाऱ्यांची कागदावरची मर्यादा 255 आहे, पण त्या आकड्यावर जाऊ नका. सतत नोंदी भरणारे दहाच्या आसपास गेले, की सर्व्हरचा विचार सुरू करावा असं आमचं मत आहे. त्याआधीच संथपणा जाणवला तर ज्या रकान्यावर शोध घेता त्याला इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) आहे का ते पाहा. तो नसला तर एक नोंद शोधायला अख्खं टेबल नेटवर्कवरून तुमच्या संगणकावर येतं. शिवाय बॅक-एंडच्या एखाद्या टेबलाला जोडलेला छोटा फॉर्म दिवसभर लपवून उघडा ठेवा. लॉक फाइल पुन्हा पुन्हा बनत-पुसत नाही आणि फॉर्म लवकर उघडतात.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस: फॉर्म तेच, टेबलं सर्व्हरवर

ॲक्सेसमध्ये फॉर्म तयार असतील तर पुढची पायरी हीच. एक्सप्रेस ही एसक्यूएल सर्व्हरची मोफत आवृत्ती आहे. 2019 आणि 2022 च्या आवृत्त्यांत प्रत्येक डेटाबेसला 10 जीबी जागा आणि बफरसाठी (वाचलेला डेटा हाताशी ठेवायला) 1410 एमबी मेमरी मिळते. छोट्या ऑफिसला ती भरपूर होते. इन्स्टॉल केल्यावर दुसऱ्या संगणकावरून जोडलं जात नाही म्हणून घाबरू नका. टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडण्याचा मार्ग, मुळात बंदच असतं. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून ते चालू करा, पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) 1433 असा पक्का करा, सेवा रीस्टार्ट करा आणि फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडा.

टेबलं हलवायला मायक्रोसॉफ्टचा मोफत मायग्रेशन असिस्टंट आहे. तो बहुतेक वेळा अडखळतो तारखांवर. ॲक्सेस सन 100 पासूनच्या तारखा घेतं, सर्व्हरचा ‘डेटटाइम’ प्रकार 1753 पासूनच्या. कुणी 2019 ऐवजी 0219 टाइप केलेली एक नोंद अख्खं टेबल अडवू शकते. हलवण्याआधी अशा तारखा शोधून दुरुस्त करा.

दुसरा घोटाळा जास्त छळतो. टेबलात हो/नाही रकाना आहे, ऑफिसात तुम्ही एकटेच आहात, तरी नोंद जतन करताना ‘दुसऱ्या कुणीतरी ही नोंद बदलली आहे’ असा निरोप येतो. कारण सर्व्हरवर हो/नाहीसाठी असलेला ‘बिट’ रकाना रिकामा राहू शकतो, ॲक्सेसचा हो/नाही राहू शकत नाही, आणि जुनी व नवी किंमत ताडताना गफलत होते. रिकाम्या जागी 0 भरा, रकाना ‘नॉट नल’ (रिकामा न राहणारा) करून डिफॉल्ट 0 ठेवा, टेबलात एक ‘रोव्हर्जन’ रकाना (नोंद बदलली की आपोआप बदलणारा) वाढवा आणि टेबल पुन्हा जोडा.

बाकीचे पर्याय

पोस्टग्रेसला डेटाच्या आकाराची अशी मर्यादा नाही आणि तेही मोफत आहे. पण ‘लिसन ॲड्रेसेस’ (सर्व्हरने कोणत्या नेटवर्क पत्त्यांवर जोडण्या घ्यायच्या) ही सेटिंग आणि कोण कुठून जोडू शकतो याची फाइल हाताने लिहायची तयारी हवी. लिनक्स येणारा माणूस हाताशी असेल तर आम्ही हेच सुचवू. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचातल्या बेस या डेटाबेस प्रोग्रॅमची आतली फाइल एका वेळी एकाचीच असते; अनेकांसाठी बेस सर्व्हरलाच जोडावं लागतं. एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस एका संगणकावर उत्तम, पण नेटवर्क फोल्डरवर त्याच्या लॉकवर विसंबता येत नाही.

बॅकअपचा फरक

ॲक्सेसची प्रत सगळे बाहेर पडल्यावर, लॉक फाइल नाही हे पाहूनच काढायची. सर्व्हर लोक काम करत असतानाही बॅकअप देतो. मात्र एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून ‘एसक्यूएलसीएमडी’ या कमांडने बॅकअप रोज चालवा आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या डिस्कवर न्या.

दोन-चार जण भरणारे, सगळे केबलवर आणि डेटा थोडा असेल तर दोन भाग केलेलं ॲक्सेस पुरेसं आहे. पण पुढे सर्व्हरवर जाण्याची शक्यता असेल तर आजपासूनच प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) द्या, रकान्यांच्या नावांत मोकळ्या जागा टाळा, आणि अटॅचमेंट व एकाच रकान्यात अनेक किंमती ठेवणारे प्रकार वापरू नका. सर्व्हरवर त्यांना थेट जोडच नाही.