मूळ करारनामा ‘गहाळ’ असलेला फ्लॅट : सिंहगड रस्त्यावरील आमच्या फसवणुकीची हकिकत

रिसेलचा फ्लॅट घेताना विक्रेत्याने मूळ नोंदणीकृत करारनामा गहाळ झाल्याचे सांगितले, तर बाकीची कागदपत्रे कितीही नीटनेटकी असली तरी त्याच्या हातात विसाराचा एक रुपयाही ठेवू नये. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण आमच्या व्यवहारात बाकीचे सर्व कागद खरोखरच नीटनेटके होते. वकिलांचा शोध अहवाल होता, सोसायटीचे ना हरकत पत्र होते, सगळी रक्कम बँकेतून गेली होती, मुद्रांक शुल्क पूर्ण भरून खरेदीखत नोंदवले होते. आणि तरीही ज्या घरात आम्ही आज राहतो, ते विक्रेत्याने आम्हाला विकण्याच्या कितीतरी आधी एका पतसंस्थेकडे गहाण टाकलेले होते.

भोर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा विकून आलेल्या पैशांतून पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, वडगाव बुद्रुकच्या बाजूला, दोन बेडरूमचा फ्लॅट घेण्याचे आम्ही ठरवले होते. एजंटने जो फ्लॅट दाखवला तो २००६ साली विक्रेत्याने स्वतः बिल्डरकडून घेतलेला होता आणि सौदा ६८ लाखांना ठरला. पहिल्याच भेटीत विक्रेत्याने विचारलेला प्रश्न आता मला फार महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, “काका, तुम्ही कर्ज काढणार नाही ना? मग आपण पटकन उरकून टाकू, मी भावात थोडं कमी-जास्त बघतो.” त्या वेळी हा प्रश्न व्यवहार लवकर व्हावा म्हणून विचारल्यासारखा वाटला. गृहकर्ज देणारी बँक मूळ करारनामा आणि सोसायटीचे मूळ शेअर सर्टिफिकेट आपल्या ताब्यात घेतल्याशिवाय कर्जाचा धनादेश सोडत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यामुळे कर्ज न काढणारा, स्वतःचे रोख पैसे असलेला ग्राहकच त्याला हवा होता.

मूळ करारनामा कोठे आहे, असे आमच्या वकिलांनी विचारल्यावर त्याने घर हलवताना एक बॅग गहाळ झाल्याचे सांगितले आणि तयार ठेवलेली फाइल पुढे केली. त्यात पोलिसांकडे ऑनलाइन केलेली गहाळ वस्तूची नोंद होती, एका दैनिकात दिलेली १५ दिवसांची जाहीर नोटीस होती, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून काढलेली करारनाम्याची नक्कल होती. ही नक्कल मी नंतर पुष्कळ वेळा पाहिली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ‘हवल’ (हवेली निबंधक कार्यालयाची खूण) अशी अक्षरे, दस्त क्रमांक, पानाचा आकडा आणि वर्ष असा चौकोनी शिक्का असतो, पण तो छायाप्रतीत उतरलेला, काळा. फ्रँकिंगचा, म्हणजे मुद्रांक शुल्क भरल्याचा यंत्राने उमटवलेला, मूळचा लाल छापही तिच्यात काळाच दिसतो. ताजी शाई असते ती फक्त ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ या शिक्क्याची आणि त्याखालच्या सहीची. हा शिक्का अगदी खरा असतो, कारण फी भरून अर्ज केल्यास अशी नक्कल कायदेशीररीत्या मिळते. मूळ दस्त आज कोणाच्या कपाटात आहे, याविषयी मात्र ती काहीच सांगत नाही. गहाळ झाल्याच्या नोंदीचेही तसेच आहे. अर्जदाराने जे सांगितले ते तिच्यात उतरवलेले असते. पोलिसांनी त्याची चौकशी केलेली नसते.

त्याच बॅगेबरोबर शेअर सर्टिफिकेटही गेल्याचे त्याने सांगितले होते आणि सोसायटीकडून त्याची दुय्यम प्रत घेऊन ठेवली होती. शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागे हस्तांतरणाच्या नोंदींचे रकाने असतात आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या बोजाची नोंदही बहुधा तिथेच केलेली आढळते. आमच्या हातात आलेल्या प्रतीची पाठ कोरी होती. पतसंस्थेने काही वर्षांपूर्वी सोसायटीला बोजा नोंदवण्याविषयी लेखी पत्र दिले होते, हे पुढे उघड झाले. ते पत्र सभासदाच्या फाइलमध्ये पडून होते, दरम्यान कमिटी बदलली, आणि नव्या सचिवांनी मेंटेनन्सची थकबाकी नाही एवढेच पाहून ना हरकत पत्र दिले. त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही, परंतु पतसंस्थेचे ते एक पत्र कोणी पाहिले असते तर आमचा व्यवहार थांबला असता.

मग वकिलांनी नोंदणी कार्यालयात घेतलेल्या ३० वर्षांच्या नोंदींच्या शोधात हे गहाण का दिसले नाही, असा प्रश्न अनेकांनी मला विचारला. मूळ हक्कलेख सावकाराच्या ताब्यात ठेवून कर्ज घेणे, ज्याला कायद्यात हक्कलेख निक्षेप म्हणतात, हा गहाणाचा वैध प्रकार आहे आणि त्यासाठी नोंदणीकृत गहाणखत करावेच लागते असे नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ ३० दिवसांत नोंदणी कार्यालयात दाखल करणे बंधनकारक केले आहे, पण ते बंधन गहाण ठेवणाऱ्यावर, म्हणजे कर्जदारावरच आहे. ज्याच्या मनात पुढे तेच घर विकायचे आहे, तो ती नोटीस कशाला दाखल करील? नोटीस नसली की नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ मध्ये (मालमत्तेवरील दस्तांच्या नोंदींत) काही येत नाही आणि वकिलांचा शोध अहवाल निरंक निघतो. बँकांच्या गहाणांसाठी सेरसाई ही केंद्रीय नोंदवही आहे आणि थोड्या शुल्कात कोणालाही तिच्यात शोध घेता येतो, तो जरूर घ्यावा. मात्र पतसंस्थेचे गहाण तिथे सापडेलच, असे धरून चालू नये.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांसमोर आमचे फोटो निघाले, अंगठे उमटले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मी आणि पत्नी अशी दोन्ही नावे असल्याने ७ टक्के दराने ४,७६,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी फी भरली होती. विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएसही कापून भरला होता. इतके सरकारी सोपस्कार झाले की मालकी सरकारने तपासून दिली, असा समज सहज होतो. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतात. विकणाऱ्याकडे निर्वेध मालकी आहे की नाही, याचा निवाडा ते करीत नाहीत.

पुढे एका संध्याकाळी दारावर वसुली अधिकाऱ्याची जप्तीची नोटीस चिकटवलेली आढळली. पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवलेला होता आणि नियम १०७ नुसार जप्ती व लिलावाची कारवाई सुरू केली होती. मुद्दल २२ लाख, व्याज आणि खर्च धरून मागणी ३१ लाखांच्या पुढे गेलेली. पतसंस्थेच्या कार्यालयात व्यवस्थापकांनी कपाटातून फाइल काढून टेबलावर ठेवली. आमच्या फ्लॅटचा, फ्रँकिंगच्या लाल छापाचा मूळ करारनामा तिच्यात व्यवस्थित लावलेला होता आणि त्याच्यामागे मूळ शेअर सर्टिफिकेट, पाठीवर बोजाच्या नोंदीसह.

मालक बदलला म्हणून गहाणाचा बोजा उतरत नाही, तो मालमत्तेबरोबर येतो. वसुली दाखल्याविरुद्ध त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर येणे रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते. म्हणून आम्ही वसुली अधिकाऱ्यांपुढे हरकत अर्ज दिला आणि विक्रेत्याविरुद्ध शिवाजीनगर येथील दिवाणी न्यायालयात दावा लावला. पोलीस ठाण्यात सुरुवातीला “हा दिवाणी वाद आहे” असेच उत्तर मिळाले. व्यवहार १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतरचा असल्याने भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार लेखी दिली, तिची पोच घेतली आणि पोलीस आयुक्तालयातही अर्ज केला. पोलीस दाद देत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो.

मूळ दस्त पाहण्यास मागणे हा खरेदीदाराचा हक्कच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने मालकीचे कागद मागणी केल्यावर तपासणीसाठी दाखवले पाहिजेत आणि पूर्ण किंमत मिळाल्यावर ते सहसा खरेदीदाराच्या स्वाधीन केले पाहिजेत. तेव्हा ‘काका, हातातला फ्लॅट जाईल’ असे एजंट कितीही म्हणाला तरी हा आग्रह सोडू नये. दस्त खरोखरच गहाळ झाला असेल, तर जाहीर नोटीस विक्रेत्याने दिलेली चालवून घेऊ नये. आपल्या वकिलांमार्फत, शहरात सर्रास वाचल्या जाणाऱ्या दोन दैनिकांत, फ्लॅट क्रमांक, विक्रेत्याचे नाव आणि मूळ दस्त गहाळ असल्याचा स्पष्ट उल्लेख करून ती नव्याने द्यावी. सोसायटीला लेखी विचारावे की या सभासदाच्या फाइलमध्ये कोणत्याही बँकेचे वा पतसंस्थेचे पत्र आहे काय, आणि उत्तरही लेखीच घ्यावे. स्वतःचे पैसे पुरेसे असले तरी थोडे गृहकर्ज काढावे, असे मी आता नातेवाइकांना सांगतो, कारण मग बँकेचे वकील मूळ कागदांवर अडून बसतात आणि विक्रेत्याला गप्प राहता येत नाही.

ज्यांचे खरेदीखत नक्कल प्रतीवर आधीच होऊन गेले आहे, त्यांनी नोटिशीची वाट न पाहता विक्रेता ज्या भागात व्यवसाय करीत होता तेथील पतसंस्थांकडे आणि सोसायटीच्या जुन्या पदाधिकाऱ्यांकडे आत्ताच चौकशी करावी. नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत साधारणतः ३ वर्षांची असते आणि मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ प्रमाणे ती फसवणूक उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती उघडकीस आली असती त्या वेळेपासून मोजली जाते. त्यामुळे पहिली शंका आली त्या दिवसापासूनचा प्रत्येक अर्ज, पोच आणि पत्र तारखेसह जपून ठेवावे.