मालवणात पोहोचल्याच रात्रीचे जेवण आधी सांगून ठेवावे का?

मालवणातील एका घरगुती खानावळीत, पोहोचण्याच्या दिवशीच रात्री आठचे जेवण आम्ही चार दिवस आधी फोनवर सांगून ठेवले होते. पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट आणि कणकवली असा प्रवास कागदावर सोपा वाटतो. परंतु कोल्हापुरात मिसळीसाठी रेंगाळलो, घाटात धुके लागले आणि पानावर बसलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. तळलेली सुरमई गार झाली होती, वडे चिवट झाले होते. सोलकढी मात्र उत्तम, ताज्या नारळाच्या रसाची आणि आमसुलाचा आंबटपणा नेमका असलेली. यात खानावळीचा दोष थोडा आणि आमचा अधिक, कारण अशा ठिकाणी मासळी माणसे मोजून आणली जाते आणि सांगितलेल्या वेळेच्या बेतानेच रांधली जाते.

दुसऱ्या दुपारी तेथेच तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण आणि टम्म फुगलेले वडे खाल्ले, तेव्हा हीच का ती खानावळ, असा प्रश्न पडला. म्हणून पहिल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी साधा डाळभात सांगावा आणि येथील जेवण दुसऱ्या दुपारसाठी नोंदवावे. जून-जुलैत मात्र यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी कोणती मिळेल हे आधी विचारावे.