हरित रोखे: केंद्राचे घ्यावेत की महापालिकेचे?

ऐरोलीत आमच्या शेजारच्या काकू नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या. दोन लाख बाजूला काढलेत. "पैसे बुडू नयेत, आणि त्यातून खाडीचं नि माणसांचंही काही भलं व्हावं," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी ही तुलना मांडली. हरित रोखे म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी सरकार किंवा महापालिका लोकांकडून व्याजाने घेते ते कर्ज.

मुद्दल जपायचं तर केंद्राचे रोखे उजवे. जानेवारी २०२३ मध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा ५ वर्षांना ७.१० आणि १० वर्षांना ७.२९ टक्के व्याज होतं. सरकारी रोखे थेट घेण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या 'आरबीआय रिटेल डायरेक्ट' या संकेतस्थळावर खातं फुकट उघडतं, खरेदी १० हजारांपासून. एखादा प्रकल्प रखडला तरी व्याज थांबत नाही, कारण परतफेड सरकारी तिजोरीतून होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे आणले, ८.२५ टक्क्यांनी. वरचा टक्का जोखमीचा आहे. इथे केंद्राची हमी नाही, भिस्त महापालिकेच्या वसुलीवर. पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ताकदीला मिळालेली श्रेणी, वाचल्याशिवाय हात घालू नका.

भलं कुणाचं, यात मात्र इंदूर उजवं वाटतं. तिथल्या रोख्यांचा पैसा जलूद गावच्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी, त्या विजेवर नर्मदेचं पाणी शहराला आणायचं. बिल किती वाचलं, ते पैसे कुठल्या वस्तीच्या नळाला लागले, हे तिथला माणूस नगरसेवकाला विचारू शकतो. केंद्राचा पैसा सौरऊर्जेपासून स्वच्छ वाहतुकीपर्यंत नऊ प्रकारच्या कामांत वाटला जातो. आपले १० हजार नेमके कुठे गेले, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

आणि वाचलेला कार्बन टनात मोजता येतो, पण ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातली मावशी सकाळी निवट्यांचे, म्हणजे खाडीतल्या छोट्या माशांचे, वाटे लावून बसते, तिचं काय? तिवरं राखली तर तिच्या टोपलीत चार निवट्या जास्त पडल्या का, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ब्रिटनने २०२१ मध्ये हरित रोखे काढताना रोजगारासारख्या सामाजिक लाभांचाही हिशेब द्यायचं कबूल केलं. मेक्सिकोने २०२० च्या शाश्वत विकासाच्या रोख्यांत तर आधी मागास भाग निवडले आणि पैसा तिकडे वळवला. आपल्याकडच्या प्रत्येक अहवालात असा रकाना हवा, आणि तो रोखे घेणाऱ्यांनीच मागून घ्यायला हवा.

काकूंना मी सुचवलं: एक लाख केंद्राच्या ५ वर्षांच्या रोख्यांत. पन्नास हजार राखून ठेवा. एखाद्या चांगल्या महापालिकेचा इश्यू आला की माहितीपत्रकात लाभ कुणाला हे आधी शोधू, मग डीमॅटचं बघू. उरलेले पन्नास बँकेतच राहू देत. मुदतीआधी थोडेसे रोखे विकायला गेलं तर गिऱ्हाईक पटकन मिळत नाही, आणि काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.