नोकिया एन९ घेतला, सेकंड हँड, ठाण्यात, तोही आत्ता

गावदेवी मैदानाजवळच्या गल्लीत जुने मोबाइल विकणारा एक जण बसतो, त्याच्या काचेच्या खालच्या कप्प्यात हा काळा एन९ पडलेला दिसला आणि पाय तिथेच थांबले. बायको भाजी घेऊन परत येईपर्यंत २८०० म्हणणाऱ्याला २२०० वर आणून फोन खिशात टाकला पण होता. "चालू आहे ना?" तर "एकदम चालू साहेब". घरी येऊन बघतो तर वरचं यूएसबीचं झाकण तुटलेलं आणि फेविक्विकने चिकटवलेलं, आणि ते झाकण उघडल्याशिवाय सिमचा ट्रे बाहेरच येत नाही. सेफ्टी पिन घेऊन अर्धा तास झटापट. दुकानाला २ स्टार, ते पण सहाशे कमी केले म्हणून.

फोन मात्र काय सुंदर आहे राव. प्लास्टिकची एकसंध बॉडी, रंग आतपर्यंत तोच त्यामुळे ओरखडा पडला तरी खाली पांढरं दिसत नाही, ३.९ इंची अमोलेड स्क्रीन, आणि समोर एकही बटण नाही. २०११ मध्ये! कडेवरून बोट सरकवलं की अॅपमधून बाहेर, स्क्रीनवर दोनदा टकटक केली की फोन जागा. मुलाने हातात घेतला आणि म्हणाला, बाबा, स्लो आहे पण जुना वाटत नाही.

रोज वापरायचं म्हणाल तर विसरा. थ्रीजीचा फोन, जिओचं सिम चालणारच नाही, दुसरं सिम टाकलं तर टूजीवर कॉल लागतो. ब्राउझर आता म्हातारा झालाय, बहुतेक साइट उघडत नाहीत. गाणी छान वाजतात, हेडफोनचं भोक आहे.

मग घेतला कशाला? मी अॅप बनवून पोट भरतो, आणि आमच्या लाइनमध्ये हा फोन म्हणजे बारशाच्या आधीच तेराव्याचं आमंत्रण गेलेलं बाळ. फोन जाहीर झाला जून २०११ ला, आणि ज्या मीगो नावाच्या ऑपरेटिंग सिस्टमवर तो चालतो तिचा निकाल त्याच्या चार महिने आधीच लागला होता.

तेव्हा मी नवी मुंबईत महापेला नवीनच लागलेलो, टीममधले सीनियर सगळे सिम्बियनवाले, म्हणजे नोकियाच्या जुन्या फोन सिस्टमवर अॅप बनवणारे. सिम्बियनची सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणजे वेगळाच संसार, साधी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ठेवायची तर डिस्क्रिप्टर नावाच्या डब्यांचे इतके प्रकार की कुठला कधी ते ठरवण्यातच सकाळ जायची, वापरलेली मेमरी अडकून राहू नये म्हणून क्लीनअप स्टॅक नावाच्या यादीवर आपणच ढकला आणि आपणच काढा, ऑब्जेक्ट बनवायचा तो दोन टप्प्यांत. सगळं शिकून झालं की कळायचं याचा सिम्बियन सोडून कुठेच उपयोग नाही. म्हणून नोकियाने क्यूटी हे अॅप बनवायचं साधन पुढे केलं तेव्हा लोक खूश होते (खरा उच्चार क्यूट आहे, पण मीटिंगमध्ये कोण म्हणणार), एकदा लिहा, सिम्बियनवर चालेल आणि येणाऱ्या मीगोवर पण. ऑक्टोबर २०१० मध्ये तर जाहीरच झालं की आता अॅपसाठी क्यूटी हाच रस्ता. आणि ११ फेब्रुवारी २०११ ला, चार महिने पण पुरे झाले नव्हते, नोकियाचा तेव्हाचा प्रमुख स्टीफन इलॉप लंडनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या बाल्मरच्या शेजारी उभा राहून सांगतोय की आता आमची मुख्य सिस्टम मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन.

तो शुक्रवार होता. सोमवारी आमचा मॅनेजर म्हणाला, लॉजिक तेच आहे, फक्त सिंटॅक्स बदलेल.

फक्त सिंटॅक्स! विंडोज फोन ७ वर क्यूटी नाही, बाहेरच्या डेव्हलपरला सी प्लस प्लस पण नाही, मायक्रोसॉफ्टचं सी शार्प आणि सिल्वरलाइट शिका, गेम असेल तर त्यांचंच एक्सएनए. जुन्या कोडातली एक ओळ उचलून नेता येत नाही. ते शिकून होतंय तोवर २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आलं, आतला कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभाच बदलला, आधीच्या ल्युमियांची (नोकियाचे विंडोज फोन) ७.८ या आवृत्तीवर बोळवण. जुनी अॅप नव्यावर चालायची, नव्यासाठी लिहिलेली जुन्यावर नाही, म्हणजे दोन्ही गिऱ्हाइकं हवी असतील तर दोन्हीकडचं सांभाळा.

सिस्टम बदलली याबद्दल माझी तक्रार नाही, सिम्बियन टचस्क्रीनवर धापा टाकत होतंच. खटकतं ते असं की त्याच २०११ मध्ये नोकियाने कीबोर्डवाला एन९५० खास डेव्हलपरांना वाटला, जो दुकानात कधी आलाच नाही, या मीगोवर अॅप बनवा म्हणून. पंगत उठल्याचं सांगून झाल्यावर पानं मांडायची. आणि १ जानेवारी २०१४ पासून तर नोकियाच्या स्टोअरवर सिम्बियन आणि मीगोच्या अॅपचं अपडेट टाकणंच बंद, म्हणजे बग दिसतोय, दुरुस्ती तयार आहे, पण द्यायला दारच नाही.

ज्यांनी क्यूटी सोडलं नाही त्यांचं बरं झालं. २०१२ मध्ये नोकियाने ते डिजिया या फिनलंडच्या कंपनीला विकलं आणि आज गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमध्ये ते चालतं. आमचे एक सीनियर आता ऐरोलीत हेच काम करतात, क्लीनअप स्टॅकचं नाव काढलं की हात जोडतात.

आता या फोनमधली सगळ्यात भारी गोष्ट. आधीच्या मालकाने डेव्हलपर मोड (अॅप बनवणाऱ्यांसाठीची सोय) चालू ठेवलेला, आणि अॅपच्या रांगेत शेवटी एक हिरवा चौकोन, नाव "लोकल". उघडलं तर ट्रान्स हार्बरचं, म्हणजे ठाणे-वाशी लोकलचं टाइमटेबल, स्वतः बनवलेलं, व्हर्जन ०.३. वाशीहून ठाण्याला येणाऱ्या गाड्यांचं पान कोरंच आहे, गडी तिथेच थांबलाय. ठाणे, मग थेट ऐरोली, रबाळे, घणसोली. मी रोज नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून हीच गाडी पकडतो. क्यूटीमध्ये स्क्रीनचा भाग क्यूएमएलमध्ये लिहितात, ती साधी टेक्स्ट फाइल असते, फोनच्याच टर्मिनलमधून उघडली. स्टेशनांची नावं एकाखाली एक, मराठीत. ठाण्याच्या खाली एक ओळ घातली, दिघा गाव, २०२४ ला सुरू झालेलं स्टेशन, आणि अॅप परत चालू केलं.

आलं. वेळ मात्र रिकामी सोडली, बाकीच्या सगळ्या त्याच्या काळातल्या आहेत.

फोनला ४ स्टार, एक झाकणाचा कापला.