छातीवरचा वारा : करिझ्मा, झेडएमआर आणि सीबीआर २५०आर यांच्या फेअरिंगचा अनुभव

गेली अनेक वर्षे ठाण्यात माझ्याकडे हिरो होंडाची पहिल्या बनावटीची करिझ्मा आहे. धाकट्या भावाने तिचीच पुढची आवृत्ती झेडएमआर बरीच वर्षे वापरली, आणि ऐरोलीच्या मित्राची होंडा सीबीआर २५०आर गेल्या पावसाळ्यात महिनाभर माझ्या हाती होती. या तिन्ही गाड्या लांबच्या प्रवासाला साजेशा असल्या, तरी त्यांच्या फेअरिंगची, म्हणजे वारा अडवणाऱ्या पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणाची, घडण अगदी वेगळी आहे. जुनी गाडी घेऊ पाहणारे लोक बहुधा फेअरिंगचे रूपच पाहतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

करिझ्मा २००३ मध्ये आली. २२३ सीसीच्या या गाडीचे फेअरिंग अर्धे आहे, म्हणजे ते हेडलाइटपासून टाकीच्या खांद्यापर्यंत येऊन थांबते आणि खालचे इंजिन मोकळे राहते. हे फेअरिंग हँडलला नव्हे, तर चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेले असल्यामुळे वाऱ्याचा झोत आला तरी त्याचा हिसका हँडलवर फारसा येत नाही. त्याची किंमत मात्र रात्री मोजावी लागते, कारण हँडल वळले तरी दिवा समोरच पाहत राहतो. कसारा घाटातल्या वळणावर रात्री पहिल्यांदा गेलो, तेव्हा ज्या बाजूला गाडी वळवायची होती तिथेच अंधार दिसत होता. दोन-तीन फेऱ्यांनंतर वेग आधीच कमी करण्याची सवय लागली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा असा की, लांबच्या प्रवासात थकवा आणणारा वारा छातीवर आणि खांद्यांवर येतो, इंजिनावर नाही. भिवंडी बायपास ओलांडून पडघा, शहापूर करत नाशिकच्या दिशेने जाताना ताशी ८०-९० च्या वेगाला करिझ्माचे व्हायजर (फेअरिंगवरची पारदर्शक काच) वारा छातीच्या वर उचलते. तो हेल्मेटवर आदळून आवाज करतो, पण मनगटांवरचा ताण कमी होतो. झेडएमआरचे प्लॅस्टिक इंजिनाच्या खालपर्यंत उतरलेले असूनही छातीला त्याहून अधिक आडोसा मिळाला, असे मला कधी वाटले नाही. पावसात नडग्या दोन्ही गाड्यांवर सारख्याच भिजल्या, कारण खालचा भाग पायांच्या मानाने अरुंद आहे.

ही गोष्ट नवी नाही. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर१००आरएस आणली, तिचे पूर्ण फेअरिंग पवनबोगद्यात (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) चाचण्या घेऊन घडवलेले होते. दोनच वर्षांनी त्याच घराण्यातली आर१००आरटी आली, तिचे फेअरिंग मात्र अधिक उंच आणि रुंद होते. आरएसवर स्वार पुढे झुकतो, आरटीवर ताठ बसतो. स्वाराची बैठक कशी आहे, यावर फेअरिंगचा आकार ठरायला हवा, हे त्या जोडीकडे पाहिले की स्पष्ट होते.

झेडएमआरबद्दल माझी खरी तक्रार देखभालीची आहे. २००९ मध्ये आलेल्या या गाडीला फ्युएल इंजेक्शन आणि ऑइल कूलर मिळाले, आणि त्या बाबतीत ती करिझ्माहून निश्चितच पुढे होती. परंतु इंजिनाच्या किरकोळ कामासाठीही बाजूचे पॅनेल उतरवावे लागते. एकदा एका गॅरेजमध्ये घाईने पॅनेल ओढल्याने आतला प्लॅस्टिकचा लग (पॅनेल अडकवून ठेवणारा कान) तुटला. गाडी परत आली तेव्हा वरून सारे ठीक दिसत होते, पण इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असताना गुडघ्याजवळ बारीक टरटर सुरू व्हायची आणि हात दाबून धरला की थांबायची. शेवटी लग चिकटवून, खाली रबरी वॉशर बसवून ती आम्ही घरीच बंद केली.

सीबीआर २५०आर भारतात २०११ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिची विक्री थांबली. तिचे फेअरिंग या तिघींत सर्वांत विचारपूर्वक केलेले आहे. त्यात एकावर एक थर आहेत आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला बाजूने वाट ठेवलेली आहे. तरीही कापूरबावडीच्या सिग्नलला दुपारी अडकल्यावर पंखा सुरू झाला की गरम हवा नडगीला जाणवतेच. मोकळ्या इंजिनाच्या करिझ्मावर ती भोवती पसरून जाते. वाशीच्या खाडीपुलावर आडवा वारा असतो, तेव्हा पूर्ण फेअरिंगच्या गाड्या बाजूने ढकलल्या जातात. सीबीआर मात्र झेडएमआरपेक्षा सरळ रेषा नीट धरून राहिली, आणि पामबीच मार्गावर तर तिच्यावरून उतरावेसे वाटत नाही.

तिघींपैकी एकच निवडायची झाली, तर घोडबंदर रस्त्याची रोजची कोंडी आणि महिन्यातून एखादी नाशिकची फेरी असणाऱ्याला मी करिझ्माचे अर्धे फेअरिंगच सुचवीन. आठवड्याला लांबचा पल्ला असेल आणि चांगला मेकॅनिक जवळ असेल, तर सीबीआर.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा रंगावर भुलू नका. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून फेअरिंगपासूनचे अंतर दोन्हीकडे सारखे आहे का, ते पाहा. एका बाजूला बोट शिरते आणि दुसऱ्या बाजूला शिरत नाही, अशी स्थिती असेल, तर आतला लोखंडी स्टे (फेअरिंगला आधार देणारी पट्टी) वाकलेला असण्याची शक्यता मोठी असते. पॅनेलचे सगळे स्क्रू एकाच प्रकारचे आहेत की मिळेल ते ठोकले आहेत, हेही तिथेच वाकून पाहून घ्या.