कच्चा टोमॅटो, पेस्ट, केचप की कॅप्सूल? रक्तासाठी नक्की काय घ्यायचं

टोमॅटो रक्ताला चांगला असं सगळेच सांगतात, पण कच्चा की शिजवलेला असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कारण यात दोन गोष्टींची गल्लत होते. एक लायकोपीन, म्हणजे तो लाल रंग, हा तेलात विरघळतो. दुसरी म्हणजे बियांभोवतीच्या बुळबुळीत गरातली पाण्यात विरघळणारी द्रव्यं, जी प्लेटलेट्सना (रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक पेशींना) एकमेकींना चिकटण्यापासून थोडंफार रोखतात.

लायकोपीन हवं असेल तर पेस्ट किंवा प्युरी, यात वादच नाही. १०० ग्रॅम कच्च्या टोमॅटोत साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम आणि तेवढ्याच पेस्टमध्ये २५ च्या वर, शिवाय शिजवल्यावर ते पेशींतून सुटं होतं आणि चमचाभर तेल घातलं की अंगी लागतं. वाईट कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडेशन, म्हणजे ते बिघडून रक्तवाहिन्यांना जास्त घातक होणं, त्याने कमी होतं म्हणतात, पण हार्ट अटॅक टळतो असा पक्का पुरावा नाहीये हेही ऐकून ठेवा. पेस्ट घेताना बिनमिठाची बघा. केचपमध्येही लायकोपीन बऱ्यापैकी असतं पण सोबत साखर आणि मीठ एवढं येतं की बीपीवाल्याने त्याला औषध समजून खाऊच नये.

कच्च्याची बाजू गरात आहे, आणि आपण कापताना नेमका तोच काढून टाकतो! चिरलेली फोड तिरकी धरली की बियांसकट घरंगळतो ना, तोच. याच द्रव्यांपासून केलेल्या अर्काला २००९ मध्ये युरोपात 'प्लेटलेट्सचं चिकटणं नॉर्मल ठेवायला मदत' एवढा दावा करायची परवानगी मिळाली. पण ती अर्काच्या ठरलेल्या डोसला, सॅलडमधल्या दोन फोडींना नाही. शिवाय कच्च्यात व्हिटॅमिन सी जास्त टिकतं आणि त्याने जेवणातलं लोह नीट शोषलं जातं. बाकी लाल आहे म्हणून हिमोग्लोबिन वाढेल हे डोक्यातून काढा, टोमॅटोत स्वतःचं लोह अगदीच कमी.

मला विचाराल तर रोजच्यासाठी दोन्ही आलटून पालटून खा, या अर्काच्या कॅप्सूलवर पैसे घालवायची घाई नको. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे चालू असतील तर अर्काची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही, ऑपरेशन तोंडावर असेल तरी तेच. किडनीचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पेस्ट आणि ज्यूसमधलं पोटॅशियम आधी बघावं लागतं.