जेल कूलिंग पॅड, क्लिपचा पंखा आणि ओला पंचा: प्रोस्टेटच्या इंजेक्शननंतर उठणाऱ्या वाफांसाठी काय घ्यावं

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन किंवा ट्रिप्टोरेलिनची इंजेक्शनं घेतलेल्या बहुतेक पुरुषांच्या अंगात वाफा (हॉट फ्लॅश) उठतात, म्हणजे एकाएकी उकडून घाम फुटतो. कोर्स संपला की हे थांबेल, असं घरच्यांना वाटतं. तसं लगेच होत नाही. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा असर तीन महिने तर राहतोच, पुढे या इंजेक्शनांनी खाली गेलेलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वर यायला आणखी कित्येक महिने जातात. कोर्स दोन-तीन वर्षांचा आणि वय सत्तरीपुढचं असेल तर वर्षाहून जास्तही लागतं. अंडकोष काढले असतील तर टेस्टोस्टेरॉन परत वाढत नाही आणि वाफा वर्षानुवर्षं राहू शकतात. अशा घरांत हल्ली ऑनलाइन मागवलेला जेल कूलिंग पॅड हमखास दिसतो.

पॅडमध्ये जाडसर जेल भरलेलं असतं. वीज लागत नाही, फ्रिज लागत नाही, आडवं पडलं की पाठ गार, अशी त्याची जाहिरात. पहिली दहा-पंधरा मिनिटं खरोखर छान वाटतं. पण हे जेल गारवा तयार करत नाही, अंगाची उष्णता शोषून साठवतं. साठवण भरली की पॅड अंगाइतकाच गरम होतो. मग त्यावरून उठून त्याला निवू द्यावं लागतं, आणि तो निवणार खोलीच्या तापमानापर्यंतच. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, स्लॅबखालची खोली रात्रीही तापलेली असते. कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश, खोलीचंही जवळजवळ तेवढंच. मग उष्णता जाणार कुठे? साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हाच पॅड बरा चालतो, पण तेव्हा खिडकी उघडूनही भागतं.

आणखी दोन दोष आहेत. वरचं आवरण प्लॅस्टिकचं किंवा नायलॉनचं असल्याने घाम मुरत नाही, पाठीखाली साचतो. त्यावर सुती चादर घातली तर उरलासुरला गारवाही अंगाला लागत नाही. दुसरं, घडी घालून कपाटात ठेवला की घडीवरची शिवण उकलते आणि जेल झिरपतं. ठेवायचाच असेल तर सैल गुंडाळी करावी.

खरी अडचण मात्र याहून मुळातली आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान एका पट्ट्यात सांभाळतो. टेस्टोस्टेरॉन खाली गेलं की हा पट्टा अरुंद होतो. आतलं तापमान किंचित वाढलं तरी मेंदूला फार उकडल्यासारखं वाटतं, कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा-मान-छाती तापते, घाम फुटतो. पाच-सात मिनिटांत भर ओसरतो, आणि घाम वाळता वाळता माणूस कुडकुडायला लागतो. म्हणजे गारवा हवा तो थोडा वेळ, त्या क्षणी, आणि लगेच बंद करता येईल असा. पाठीखालचा पॅड काही बंद करता येत नाही. म्हणून पॅड घेऊ नका, हे आमचं स्पष्ट मत.

त्याऐवजी बॅटरीवर चालणारा, क्लिपने पलंगाला लावायचा छोटा पंखा घ्या. पाती पाच-सहा इंची पुरतात. दुकानात तो हातात घेऊन एकच गोष्ट आधी बघा: बंद कसा होतो? बहुतेक पंख्यांना एकच बटन असतं. ते दाबलं की एक, दोन, तीन असा वेग वाढत जातो आणि मग बंद. अर्धवट झोपेत थंडी वाजत असताना वाढत्या वाऱ्यात तीन-चार वेळा बटन दाबणं हा छळ आहे. फिरवायचा खटका असलेला पंखा शोधा, तो एका झटक्यात बंद होतो. चार्जिंगची खाच टाइप-सी हवी, जुन्या बारीक खाचा लवकर सैल होतात. पंखा छातीच्या उंचीवर, दोन-तीन फुटांवर, चेहरा आणि मान यांच्या रोखाने लावा. चार्जिंग दिवसा करा, उशीजवळ किंवा गादीवर ठेवून नको. गळ्यात अडकवायचे पंखे कानाशी घूं घूं करतात आणि आडवं पडल्यावर टोचतात, ते टाळा.

छताचा पंखा बदलणार असाल तर बीएलडीसी मोटरचा आणि रिमोटवाला घ्या. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, हा तीस-पस्तीस, त्यामुळे लाइट गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ पुरतो. फक्त त्यातला 'स्लीप मोड' वापरू नका. काही मॉडेलांत तो तासा-दोन तासांनी वेग आपोआप कमी करतो आणि पहाटे वाफ उठते तेव्हा पंखा मंदावलेला असतो. कूलर मे महिन्यात ठीक. पावसाळा लागला की हवेत आधीच दमटपणा असतो, तेव्हा कूलर त्यात भरच घालतो आणि अंगावरचा घाम वाळू देत नाही.

सगळ्यात कामाची वस्तू मात्र सगळ्यात स्वस्त आहे: सुती पंचा. इचलकरंजीच्या मागावरचं कापड सांगलीत कुठेही मिळतं. दोन पंचे घ्या. सूत खरं आहे का हे बघायला कडेचा एक धागा जाळा. कागद जळाल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. नव्या पंचात खळ असते, ती जाईपर्यंत पाणी शोषलं जात नाही, म्हणून आधी दोन-तीनदा कोमट पाण्यात धुवा. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर कापडावर बसतो. झोपताना एक पंचा माठाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि झाकणाच्या डब्यात उशाशी ठेवा. दुसरा कोरडाच ठेवा. वाफेची चाहूल लागली की ओला पंचा मानेवर आणि चेहऱ्यावर, पंखा चालू. घाम थांबला की पंखा बंद, कोरड्या पंचाने अंग पुसायचं. बर्फाचं पाणी नको. फार गार लागलं की कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतात, उष्णता आतच राहते आणि हुडहुडी वाढते.

कपड्यांत बंडी किंवा कोपरी उत्तम, पुढून उघडणारी. ओला बनियन डोक्यावरून ओढून काढताना उरलीसुरली झोपही उडते. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा नसेल तर गादीवर पूर्ण प्लॅस्टिकचं कव्हर घालतात, त्याने रात्रभर घाम कोंडतो. कमरेखालीच छोटा अंडरपॅड टाका, बाकी गादी मोकळी ठेवा. फोमपेक्षा काथ्याची किंवा कापसाची गादी बरी. जाड वाकळ एकच घेण्यापेक्षा दोन पातळ चादरी घ्या, एक झटकन बाजूला सारता येते.

कोणतीही वस्तू पारखायची तर आधी सात रात्री वहीत वाफांची वेळ आणि जोर लिहा, मग ती वस्तू वापरून सात रात्री. वाफांच्या बाबतीत नुसत्या साखरेच्या गोळीनेही बरं वाटल्याचं चाचण्यांत दिसतं, म्हणून आकडा हवा. त्याच वहीत मिसळीचा कट, उकळता चहा, दारू, तंबाखू यांचीही नोंद ठेवा. कुणाला कशाचा त्रास होतो हे त्यातूनच कळतं.

आठवड्याला अनेक रात्री झोप मोडत असेल तर वस्तूंवर पैसे घालू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी मागा. औषधं आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि सायप्रोटेरॉन या दोन्ही गोळ्या व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधापेक्षा जास्त चालल्या. पण पहिलीने रक्ताच्या गुठळ्यांचा आणि दुसरीने यकृताचा धोका असतो, व्हेनलाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं, म्हणून दुकानातून परस्पर काही आणू नये. सोयाच्या प्रोटीन पावडरीचा पुरुषांना उपयोग झाला नाही, असं २०१३ च्या अमेरिकी चाचणीत आढळलं. आणि 'पुरुषी शक्ती वाढवणारी' पावडर अजिबात नको. तिच्यात टेस्टोस्टेरॉन वाढवणारं काही निघालं तर ज्या कॅन्सरला उपाशी मारायला इतकी इंजेक्शनं घेतली त्यालाच ते खाऊ घातल्यासारखं होईल.

डायबेटीससाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर उशाशी ग्लुकोमीटरही ठेवा. घामासोबत थरथर आणि गोंधळल्यासारखं होत असेल तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर पंखा नव्हे, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. छातीत दुखून गार घाम आला तरीही तेच. ताप आणि घटतं वजन यांच्यासोबत घाम येत असेल तर त्याला इंजेक्शनची वाफ समजून घरी थांबू नका.